तनुजाच्या तोंडातली तार

बेलकुंड मागं पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तनुजाच्या डाव्या टाचेचा फोड फुटला होता. कोजागिरीला तुळजापूरला पायी जायचं, अनवाणी जायचं, हा माझा अकरा वर्षांचा नेम आहे. लातूरहून निघते, पहिला मुक्काम औशाला. यंदा आदल्या दिवशी तनुजाचा नांदेडहून फोन आला, "ताई, कधी निघायलाव? मी बी येते," आणि सकाळी ती औशाच्या स्टँडवर पिशवी खांद्याला लावून उभी होती. का येतेस, असं मी विचारलं नाही. देवीकडं निघालेल्या माणसाला तसं कोणी विचारत नाही.

रस्त्याच्या कडेला एका मंडळाचा मांडव होता. केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटत होते. आम्ही सतरंजीवर टेकलो. तनुजानं दोन बोटं तोंडात घालून वरच्या दातांवरचा पारदर्शक साचा काढला. त्याच्याबरोबर तिचा पुढचा एक दातही बाहेर आला. शेजारी बसलेली म्हातारी दचकली.

"अगं बाई, दात निघाला की पोरी!"

"त्यो प्लास्टिकचा हाय मावशी. साच्यातच बसवलाय. माझा खरा दात नवऱ्याच्या पकडीत गेला."

म्हातारी हसली. चेष्टाच वाटली तिला. मग तिनं तनुजाच्या वरच्या ओठावरचा व्रण बघितला आणि हातातलं केळ तसंच धरून बसली. तनुजानं खिचडी मागच्या दाढांकडं सारून सावकाश खाल्ली, चूळ भरली, साचा गार पाण्यात धुतला आणि परत बसवला. तोंड भरलेलं दिसायला लागलं. "चला ताई," म्हणाली. "उजनी लांब हाय अजून."

मी लातूरला दात सरळ करायच्या एका दवाखान्यात काम करते. मालविका मॅडम डॉक्टर, मी त्यांच्या हाताखाली. पेशंटचं नाव-गाव लिहायचं, केस पेपर काढायचा, अवजारं उकळायची, दिवा धरायचा. तीन वर्षांपूर्वी तनुजा तिथंच पहिल्यांदा आली. जळकोटजवळच्या खेड्यातली. बीए झालेली, उंच, सावळी. वरचे दात पुढं होते. बोलताना उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. मॅडमना "आ कर" म्हणून तो हात स्वतः खाली करावा लागला.

त्या हाताची गोष्ट तिनं मला नंतर सांगितली. पाचवीत असताना वर्गातला एक पोरगा तिला रोज 'फावडी' म्हणायचा. एक दिवस तिनं कंपासपेटी त्याच्या कपाळावर हाणली. भुवई फाटली, तीन टाके पडले. संध्याकाळी त्याचे आईबाप दारात आले. त्यांच्यासमोर तनुजाच्या वडलांनी, भुजंगरावांनी, बैलाचा आसूड काढला. "पोरीच्या जातीनं हात उचलायचा न्हाई," प्रत्येक फटक्याला तेवढंच म्हणायचे. पाठीवर वळ महिनाभर होते. "तेव्हापासून ताई, हात उचलला की तोंडावरच जायचा," ती म्हणाली होती.

लग्न मुरुडला ठरलं. मुलगा दयानंद, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं, तांब्याची तार गुंडाळायचं दुकान. पाहायला आले तेव्हा सगळं पसंत पडलं, दात सोडून. मुलाची आई साखराबाई म्हणाली, दात नीट करून द्या, पण लग्नात लोकांना कळता कामा नये. म्हणून भुजंगराव लेकीला घेऊन आमच्याकडं आले.

मॅडमच्या टेबलावर दोन नमुने असतात, ते त्यांनी पुढं ठेवले. एक तारेचा. प्रत्येक दातावर स्टीलची बारीक चकती चिकटवायची, त्यांच्यातून तार ओवायची, महिन्याला आवळायची. ती दिसते, टोचते, गालाला आतून फोड येतात, ऊस आणि कडक भाकरी बंद. पण एकदा बसवली की काम करत राहते. दुसरा नमुना पारदर्शक साच्यांचा, अलायनर म्हणतात त्याला. दिसत नाहीत, टोचत नाहीत, जेवताना काढून ठेवता येतात. पंधरा दिवसांनी पुढचा जोड घालायचा, असे वीस-बावीस जोड. अट एकच, दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजेत. नाही घातले तर दात मागच्या जागी जातात. "यात उपचार सगळा तुझ्या हातात आहे," मॅडम तनुजाला म्हणाल्या. भुजंगरावांनी साच्यावर बोट ठेवलं. तनुजाला कोणी विचारलं नाही. मीही नाही. केस पेपरवर 'रुग्णाचे म्हणणे' असा रकाना छापलेला असतो. त्यात मी भुजंगरावांनी सांगितलेलं लिहिलं.

आमच्याकडं ही रीतच आहे. सुनेबरोबर सासू आली, लेकीबरोबर बाप आला, की जे काय ते मोठं माणूस सांगणार. पेशंट खुर्चीत आ करून बसलेला. मी वर न बघता लिहिणार. बारा वर्षं मी तसंच लिहीत आले.

लग्न झालं. लग्नानंतर ती साखराबाईबरोबर यायला लागली. पहिल्या खेपेला साचा वाकडा होऊन आला. साखराबाई स्वतःच सांगायला लागली, "तोंडातलं उष्टं काढून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली हो सिस्टर! मी आधणाचं पाणी वतलं त्याच्यावर, इटाळ जावा म्हणून. त्यो मेला आकसूनच गेला." आम्ही सगळे हसलो, तनुजासुद्धा. ते खरं होतं. म्हणूनच असेल, पुढचंही मला खरं वाटत गेलं.

दुसऱ्या खेपेला साखराबाई म्हणाली, हरवला. मी लिहिलं, 'साचा हरवला.'

तिसऱ्या खेपेला तिनं कागदात गुंडाळून चुरा आणला. "कुत्र्यानं चावला." कुत्री हे साचे खरंच चावतात, मॅडमना माहीत होतं. तनुजाच्या वरच्या हिरडीला चिरा पडल्या होत्या, त्याबद्दल मॅडमनी विचारलं. "नखानं काढती ना, लागतंय," साखराबाई म्हणाली. मी लिहिलं.

आता चालताना तनुजा मला त्या दोन ओळींच्या पोटातलं सांगत होती. टाच टेकवत नव्हती, चवड्यावर चालत होती.

"दात आत यायला लागले तसा हात खाली गेला माझा. मला कळलं बी न्हाई. चुलत जाऊ कायतरी बोलली, मी हसले, तोंड उघडं ठेवून. नवऱ्यानं ते बघितलं. घरात आल्यावर इचारला, 'हात कुठं गेला तोंडावरचा?' मी म्हणलं, कसला हात? 'कुणाला दाखवायलीस दात?' म्हणला आन् एक दिली. मी जेवायला बसले होते, साचा ताटाशेजारी झाकणावर होता. त्यानं टाच ठेवली त्याच्यावर. माझ्याकडं बघत बघत फिरवली टाच."

"आणि चिरा पडल्या त्या दिवशी?"

"त्या दिवशी तोंडातच होता की. केस धरले मागून, दोन बोटं घातली आत, वढून काढला, पायाखाली चुरला. त्याची नखं लई वाढलेली असतात, तार सोलायला ठेवतो. सासूबाई, आत्या, तिथंच गहू निवडत होत्या. म्हणल्या, 'दया, रगात सांडंल गव्हात, तिकडं घे तिला.'"

माझ्या तोंडून "आई जगदंबे" निघालं. तनुजा पुढं बघून चालत होती.

"दोन येळा तुमच्यापाशी आले ना ताई, तेव्हा मला वाटलं तुम्ही इचारताल. तुम्ही पेनच बघत होता."



त्या तिसऱ्या खेपेला साखराबाई खाली औषधाच्या दुकानात गेली होती, तेवढ्यात तनुजानं मॅडमचं मनगट धरलं. "मॅडम, हात घालून निघणार न्हाई असं कायतरी बसवा." मॅडमना वाटलं, सारखे साचे हरवून पोरगी कंटाळली. त्या म्हणाल्या, "तार बसवू. पण सांभाळ हं. तोंडावर काही आपटलं तर तार आतून ओठ फाडते. साच्याला ते भय नसतं."

"फाडू द्या," तनुजा म्हणाली.

मॅडम आणि मी हसलो होतो. पोरीला दातांची भलतीच हौस, असं मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

साखराबाई वर आली तेव्हा कुरकुरली, "आता तार? लोकांला दिसंल की!" तनुजानं खुर्चीतूनच उत्तर दिलं, "लगीन झालं ना आत्या. आता कुणापासून लपवायचं हाय?" दोन तास बसून मॅडमनी चकत्या लावल्या. आरशात बघून तनुजानं प्रत्येक चकतीवर बोट फिरवलं. दार लावल्यावर माणूस कडी ओढून बघतं, तसं.

सव्वा महिन्यानं साखराबाई तिला रिक्षातून घेऊन आली. तोंडाला टॉवेल बांधलेला, तो भिजून काळा झालेला. मॅडमनी टॉवेल सोडला आणि मी दिवा धरला. वरचा ओठ आतून तारेत अडकून बसला होता. एका चकतीच्या हुकानं मांस आरपार धरलं होतं. भूल देऊन, तार कापून, मॅडमनी ओठ हळूहळू सोडवला. आतून पाच टाके, बाहेरून दोन. तनुजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. तिची नजर माझ्यावर होती. मी दिव्याकडं बघत होते.

"कसं झालं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाणीत पाय घसरला," साखराबाई म्हणाली.

'रुग्णाचे म्हणणे: न्हाणीत पाय घसरून पडली.' अक्षर माझं आहे. चांगलं, गोल. शाळेत मला शुद्धलेखनाचं बक्षीस होतं.

"उलट्या हातानं मारला होता," तनुजा म्हणाली. आम्ही आता एका लिंबाखाली पाय पसरून बसलो होतो. मी पिशवीतली हळद काढून तिच्या टाचेला भरत होते. "त्याची बी बोटं फाटली तारेनं. रगात बघून दोन पावलं मागं सरला. मला लई बरं वाटलं ताई. देवाशपथ सांगते. ओठ लटकत होता आन् मला बरं वाटत होतं. पंधरा दिवस हात न्हाई लावला त्यानं. मी म्हणलं, जमलं. आता हे निघत बी न्हाई आन् त्याला मारता बी येत न्हाई."

मॅडमनी तार पुन्हा बसवली होती, तीही तिच्याच हट्टानं.

मग चैत्रात तिच्या चुलतबहिणीच्या हळदीतला एक फोटो कोणी तरी मोबाइलवर फिरवला. तनुजा मधोमध, हसताना, दातांवर ऊन आणि तार चमकलेली. तो फिरत फिरत मुरुडला दयानंदच्या दुकानात पोचला. दुकानात बसलेल्या एकानं टोमणा मारला, "दयानंदराव, बायकोच्या तोंडात बी वाइंडिंग केलाव का? किती एचपीची मोटार हाय?" सगळे हसले. दयानंदही हसला. मग गल्ल्याला कुलूप घालून घरी आला. दुपारचे दोन वाजले असतील. खिशात पकड होती.

हे सगळं तनुजानं बसल्या जागी सांगितलं, आवाज न चढवता.

"दारात येऊनच म्हणला, 'तारेचं काम माझं हाय. तू मला तार दाखवायलीस?' मला वाटलं हात उचलंल. त्यानं गुडघा घातला पोटात. मी जवारीच्या पत्र्याच्या कोठीवर आपटले, तिथनं खाली. त्यो छातीवर बसला. आत्यांनी दार लावून घेतलं. माझ्यासाठी न्हाई, शेजारच्यांना ऐकू जाऊ ने म्हणून. त्यानं जबडा धरला असा, आन् पकड घातली. पहिली चकती कटकन निघाली. दुसरी बी. तिसऱ्या टायमाला पकडीत चकती न्हाई, दातच आला. त्यानं तरी पिरगाळला. हाडात आवाज होतो ताई, कानानं न्हाई ऐकू येत, डोक्याच्या आतनं येतो."

लिंबाखाली ऊन-सावली हलत होती. रस्त्यानं मंडळी 'आई राजा उदो उदो' म्हणत चालली होती.

"मग?"

"मग त्याचा अंगठा माझ्या तोंडात होता," ती म्हणाली. "मी तोंड मिटलं."

तिनं हाडापर्यंत चावा घेतला. उरलेल्या चकत्या आणि तुटलेली तार अंगठ्यात घुसली ती वेगळीच. दयानंद किंचाळत बाजूला पडला, तनुजानं दाराची कडी काढली, आणि साखराबाईला ढकलून ती रस्त्यावर आली. तोंडातून तारेचा तुकडा हनुवटीपर्यंत लोंबत होता. स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. ती चढली. कोणी तिच्या शेजारी बसलं नाही. दवाखान्यात आली तेव्हा तिची मूठ आवळलेली होती. उघडली तर आत दात. कोठीजवळून तो तिनं कधी उचलला, तिलाही आठवत नव्हतं. मुळाशी तुटला होता, परत बसवता आला नाही.

त्या दिवशी तिच्याबरोबर बोलणारं कोणी नव्हतं. मी पहिल्यांदा तिला विचारलं, आणि तिनं सांगितलं ते सगळं लिहून घेतलं. पान पुरलं नाही.

पण दयानंद तोवर अंगठ्याला पट्टी बांधून तक्रार देऊन मोकळा झाला होता. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, अंगावर धावून आली, चावली. तारेची पीडा तिला सहन होत नव्हती, तीच पकड मागत होती, तिनंच ओढून काढली. तनुजानं तिची तक्रार दिली. दोन्ही चालू आहेत. दयानंदला धनुर्वात झाला नाही, पण अंगठा आता वाकत नाही, म्हणून त्याची तक्रार वजनदार झालीय असं तिचा वकील सांगतो.

तनुजा नांदेडला गेली ती तिथंच राहिली. बायकांच्या होस्टेलात खोली, मेडिकलवर नोकरी. भुजंगराव एकदा येऊन गेले, परत चल म्हणाले, कुठं ते मात्र बोलले नाहीत. तिनं त्यांना चहा पाजून गाडीत बसवलं. मॅडमनी तिला पुन्हा साचे दिले, तुटक्या दाताच्या जागी दाताच्या रंगाचा तुकडा भरून. "आता तार नको?" मी विचारलं होतं. "आता काढणारं कोण हाय ताई?" ती म्हणाली. "मीच काढते, मीच घालते." बावीस तास, एक दिवस न चुकता. गिऱ्हाइकाशी बोलते, हसते, हात खालीच.

लिंबाखालून आम्ही उठलो. अर्धा कोस ती चवड्यावरच चालली. मग थांबली. माझा रस्ता अडवून, समोर उभी राहिली.

"दिवाळीनंतर तारीख हाय. त्याच्या वकिलानं दवाखान्यातले कागद मागवलेत."

"मॅडम देणारच ते," मी म्हणाले. "कोर्टानं मागितले की द्यावे लागतात."

"द्या की. मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्यात काय लिवलंय म्हायती हाय ना? साचा वाकला, साचा हरवला, कुत्र्यानं चावला, न्हाणीत पडली. चारी येळा, रुग्णाचे म्हणणे. पाचव्या टायमाला तेच रुग्ण म्हणतंय, नवऱ्यानं मारलं. वकील मला इचारणार, बाई, आधी खोटं बोललीस का आता बोलायलीस? मी काय सांगू? मी तर त्या चारी येळा तोंडच उघडलं न्हाई. म्हंजे उघडलं, तुम्हीच 'आ कर' म्हणलाव."

मी म्हणाले, मी लिहून देते. पत्र देते, सही करते, पाहिजे तर मॅडमची पण घेते.

"न्हाई." तिनं मान हलवली. तिच्या ओठावरचा व्रण उन्हात पांढरा दिसत होता. "कागद लई झाले. ताई, मी देवीला काय मागायला आले न्हाई. तुमच्यासाठी आले औशाला. तुम्ही कोर्टात या. पिंजऱ्यात उभं राहा, त्यो आन् आत्या समोर बसलेले असताना, आन् सांगा की त्या चार ओळी तनुजाच्या न्हाईत. 'मी तिला इचारलंच नव्हतं', एवढं तुमच्या तोंडानं सांगा."